गायरान गावाच्या नावावर करून घेता येते काय?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे. बीड जिल्ह्यातील आपल्या गावात जुनी माणसे ११२ एकर गायरान होते असे सांगतात; आजच्या सातबाऱ्यावर ते ३८ हेक्टर दिसते; आणि गुरांना प्रत्यक्ष चरायला मिळते ते त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. काही भूमिहीन कुटुंबे अनेक वर्षांपासून त्यातले तुकडे कसत आहेत, लगतच्या काही बागायतदारांनी बांध कोरून जमीन आत घेतली आहे, आणि आता सौरऊर्जा प्रकल्पासाठी जागा मागणारे पत्र ग्रामपंचायतीकडे आले आहे. गावातल्या तरुणांचे म्हणणे असे की, गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाप्रमाणे आपणही एखादा ट्रस्ट किंवा सहकारी संस्था काढून हे गायरान गावाच्या मालकीचे करून घ्यावे, म्हणजे वाद कायमचा मिटेल. हे शक्य आहे काय, असे आपण विचारले आहे.

थोडक्यात सांगायचे तर, गायरानाची मालकी ट्रस्टच्या किंवा संस्थेच्या नावावर करून घेण्याचा मार्ग व्यवहारात जवळजवळ बंद आहे, आणि तो उघडा असता तरी मी तो सुचवला नसता. मात्र आपल्याला जे खरोखर हवे आहे, म्हणजे ही जमीन कोणी गिळू नये, गावाला न विचारता ती कोणाला दिली जाऊ नये आणि तिच्यातून गावातल्या गरजवंताला काही मिळत राहावे, ते मालकीवाचूनही बऱ्याच अंशी साधता येते. ते किती साधेल हे गावाचे जुने कागद काय सांगतात, जमीन कसणारी कुटुंबे कोण आहेत व कधीपासून आहेत, आणि ग्रामपंचायतीचे सदस्य स्वतः या जमिनीत किती गुंतलेले आहेत, यांवर अवलंबून राहील. माझी सगळी नोकरी मराठवाड्यातच महसूल खात्यात झाली आणि निवृत्तीनंतर मी गायरान व इनाम जमिनींच्या प्रकरणांत ग्रामपंचायतींना तसेच भूमिहीनांच्या गटांना सल्ला देतो. पुढील विवेचन त्या अनुभवावर आधारलेले आहे.

प्रथम मेंढा (लेखा) गावाविषयी. त्या गावाच्या नावाभोवती दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र मिसळल्या गेल्या आहेत. एक म्हणजे २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर मिळालेला सामूहिक हक्क. ती वनजमीन आहे, आणि मिळालेला हक्क जंगल राखण्याचा, वापरण्याचा व त्याचे व्यवस्थापन करण्याचा आहे. दुसरी म्हणजे २०१३ मध्ये गावकऱ्यांनी महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ चा आधार घेऊन स्वतःच्या खाजगी शेतजमिनी गावाच्या स्वाधीन करण्याचा घेतलेला निर्णय. या दोन्हींचा गायरानाशी संबंध नाही. मराठवाड्यात सामूहिक वनहक्काचा मार्ग मुख्यतः किनवट-माहूरकडच्या गावांना आणि इतरत्र ज्यांच्या शिवारात वन म्हणून नोंदलेली जमीन आहे अशा गावांना उपयोगी आहे. त्यातही बिगर-आदिवासी रहिवाशांना तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य व जंगलावरील अवलंबन सिद्ध करावे लागते. आपल्या गायरानापैकी काही भाग वनविभागाकडे वर्ग झालेला असेल तर त्या भागापुरता हा विचार करता येईल, उरलेल्यासाठी नाही.

ग्रामदानाचा विचार आपल्याकडे परका नाही. विनोबांना १८ एप्रिल १९५१ रोजी पहिले भूदान मिळाले ते पोचमपल्लीत, आणि त्या वेळी पोचमपल्ली व बीड एकाच हैदराबाद राज्यात होते. परंतु ग्रामदानासाठी गावातील जमीनधारकांच्या फार मोठ्या बहुसंख्येने आपल्या सातबाऱ्यावरील जमीन बाहेर विकण्याचा हक्क सोडावा लागतो. बांधाच्या वितीभर जागेसाठी सख्खे भाऊ वर्षानुवर्षे कोर्टाच्या तारखा करतात अशा मुलखात तो मार्ग किती गावे धरतील, याचा अंदाज आपणच करावा.

आता गायरान कोणाचे, हा मूळ मुद्दा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे जी जमीन कोणा व्यक्तीची किंवा संस्थेची नाही ती राज्य शासनाची असते, आणि गायरान त्यातच मोडते. कलम २२ खाली जिल्हाधिकारी अशी जमीन गावाच्या गुरांच्या मोफत चराईसाठी राखून ठेवतात, आणि कलम २३ प्रमाणे त्या चराईचा हक्क ज्या गावासाठी ती राखली त्या गावाच्या गुरांपुरता असतो. म्हणजे मालक शासन असले तरी गावाचा वापराचा हक्क ही मेहेरबानी नव्हे, तो कायद्यात लिहिलेला आहे. याखेरीज ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५१ नुसार शासन मोकळ्या, पडीक व चराईच्या जमिनी काही अटींवर ग्रामपंचायतीकडे निहित करू शकते, म्हणजे सोपवू शकते. गावाच्या हाती जास्तीत जास्त जे येऊ शकते ते एवढेच: व्यवस्थापनाचा कागदोपत्री अधिकार, मालकी शासनाचीच. आपल्या गायरानाबाबत असा आदेश पूर्वी झालेला आहे काय, हे आधी पाहावे. पुष्कळ ग्रामपंचायतींना आपल्या दप्तरात काय आहे याची कल्पना नसते.

ट्रस्टच्या कल्पनेला माझा विरोध केवळ कायद्यामुळे नाही. मराठवाड्यात एकेकाळी देवस्थान, मशीद, दर्गा यांच्या दिवाबत्तीसाठी आणि सेवेसाठी दिलेल्या इनाम जमिनी मोठ्या प्रमाणावर होत्या. त्या ज्या उद्देशाने दिल्या गेल्या त्यात अवघ्या गावाचा वाटा होता. परंतु देखरेख चार-दोन माणसांच्या हाती राहिली, आणि त्यातल्या कितीतरी जमिनी वहिवाटदारांच्या वारसांकडे, तेथून खरेदीखताने तिसऱ्याकडे गेल्या. ट्रस्टमध्ये निर्णय विश्वस्तांचा असतो, सहकारी संस्थेत सभासदांचा. गावातील शेळ्या राखणारी विधवा बाई सभासद असणार आहे काय? तिला भाग घेता येण्याइतके पैसे कोण देणार? नंतर गावात राहायला आलेल्या कुटुंबाचे काय? ग्रामसभेत मतदार यादीतील प्रत्येकाला आपोआप जागा असते, आणि सगळे दोष मान्य करूनही त्या एका कारणासाठी मी सार्वजनिक जमिनीबाबत ग्रामसभेला पसंती देतो.

मग करावयाचे काय? पहिले काम कागदांचे. ते कंटाळवाणे असल्याने बहुतेक गावे ते टाळून थेट उपोषणाला बसतात, आणि तहसीलदारांनी ‘कोणते क्षेत्र, कोठून कोठपर्यंत’ असे विचारले की गप्प होतात. आजचा सातबारा हा शेवटचा कागद आहे, पहिला नव्हे. त्यावरून मागे जावे. प्रथम त्या गटाचे सर्व फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरील बदलांच्या नोंदी, काढाव्यात. त्यानंतर एकत्रीकरण योजनेची पत्रके पाहावीत, कारण त्या योजनेत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले आणि एकाच सर्व्हे नंबरातील गायरान दोन-तीन गटांत विभागले गेल्याची उदाहरणे अनेक आहेत. त्यामागे आकारबंद (प्रत्येक नंबराचे क्षेत्र व आकारणी दाखवणारा कागद), १९५४-५५ चे खासरा पत्रक, पाहणी पत्रके आणि सर्वांत मागे सेतवार (निजामकाळातील मूळ मोजणीची नोंद). सेतवार व त्या काळातील नोंदी पुष्कळदा उर्दूत असतात आणि सन फसली असतो. फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणून हैदराबादचा १३१७ फसलीचा जमीन महसूल कायदा हा १९०७ चा. उर्दू वाचणारी वयस्क माणसे अजून तालुक्याच्या गावी भेटतात. त्यांच्याकडून वाचून घ्यावे, पण अर्जासोबत जोडायची ती अभिलेख कक्षाची सही-शिक्क्याची नक्कल. साधी झेरॉक्स पुढे कोठेच टिकत नाही.

त्याबरोबर गाव नमुना १-ब आणि १-इ यांच्या नकला तलाठ्यांकडून, ज्यांना अलीकडे ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, मागून घ्याव्यात. पहिल्यात गावातील शासकीय जमिनींची नोंद असते, दुसऱ्यात अतिक्रमणांची. नक्कल देण्यास टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. ३० दिवसांची मुदत असते, आणि अर्ज पोहोचल्याच्या पोचेवर पुढची सगळी तारीखवार मांडणी करता येते.

आपल्या प्रकरणात ११२ एकर म्हणजे सुमारे ४५ हेक्टर होतात. सातबाऱ्यावर ३८ असतील तर साधारण सात हेक्टरांचा, म्हणजे सतरा-अठरा एकरांचा फरक कागदावरच पडलेला आहे, आणि तो लगेच चोरी समजू नये. १९७२ च्या दुष्काळातील कामांत अनेक गायरानांत पाझर तलाव झाले. शाळा, पाण्याची टाकी, स्मशानभूमी, गावठाण विस्तार यांसाठी रीतसर जागा दिलेल्या असतात. काही तुकडे भूमिहीनांना किंवा माजी सैनिकांना शासनाने वाटलेले असतात. जायकवाडीच्या पुनर्वसनात किंवा ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर जी गावे हलली, त्यांची गणिते तर निराळीच असतात, कारण वस्ती एकीकडे गेली आणि गायरान जुन्या शिवारात राहिले. प्रत्येक कपातीमागे आदेश व फेरफार सापडायला हवा. ज्या कपातीमागे तो सापडत नाही, तेवढेच आपले भांडण. ते सतरा एकरांचे न राहता पाच एकरांचे निघाले तरी हरकत नाही. पुराव्यानिशी मागितलेले पाच एकर परत मिळण्याची शक्यता तोंडी सांगितलेल्या सतरापेक्षा कितीतरी अधिक असते.

यानंतर ग्रामपंचायतीने ठराव करून उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे गायरानाच्या हद्दकायम मोजणीचा, म्हणजे हद्दीच्या खुणा पक्क्या करून घेण्याचा, अर्ज द्यावा आणि फी भरावी. मोजणीच्या दिवशी लगतच्या सर्व खातेदारांना नोटिसा गेल्या आहेत याची खात्री करून घ्यावी, कारण नोटीस न मिळालेला एक जण पुढे सगळी मोजणी अडवू शकतो. खुणा रोवल्या की त्यांच्यावर लगेच दगड लावावेत, चर खणावा, जमल्यास निवडुंग किंवा घायपात लावावी. रोजगार हमीतून चर आणि वृक्षलागवड घेता येते. नुसत्या चुन्याच्या खुणा पहिल्या पावसात वाहून जातात आणि पहिल्या नांगरटीत बांध पुन्हा सरकतो.

दुसरे काम अतिक्रमणांचे, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नातील सर्वांत नाजूक जागा ही आहे. ‘गायरान वाचवा’ म्हणून उठलेली मोहीम बहुतेक वेळा सर्वांत कमकुवत माणसापासून सुरू होते. डोंगराच्या कडेला दोन एकर बरड फोडून बाजरी-तूर घेणारे मांगवाड्यातील, बौद्धवाड्यातील किंवा पारधी कुटुंब सगळ्यांच्या डोळ्यांवर येते. बांध कोरून विहिरीच्या पाण्याखालचे चार एकर आत घेतलेला बागायतदार मात्र त्याच सभेत पुढच्या खुर्चीवर असतो. या दोघांना एकाच यादीत घालणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय कायद्यानेही ते बरोबर नाही.

मराठवाड्यातील गायरानावर भूमिहीन का आले, याला इतिहास आहे. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, त्यांची प्रमुख मागणी पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला मिळावी अशी होती. पुढे बीड जिल्ह्यात ॲड. एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियानाच्या माध्यमातून हाच प्रश्न लावून धरला. या रेट्यातून शासनाने वेळोवेळी निर्णय घेतले. त्यांपैकी २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आजही सर्वाधिक महत्त्वाचा आहे: १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात सरकारी पडीक व गायरान जमिनीवर शेतीसाठी झालेली, प्रामुख्याने अनुसूचित जाती-जमातींच्या भूमिहीनांची अतिक्रमणे पात्र असल्यास नियमानुकूल, म्हणजे कायदेशीर, करण्याची तरतूद त्यात आहे. ज्यांचा ताबा या काळातला आहे आणि ज्यांची प्रकरणे तहसीलच्या कपाटात पडून आहेत, असे लोक आपल्या गावातही असण्याची दाट शक्यता आहे. त्यांना अतिक्रमणधारक म्हणून हाकलण्याआधी त्यांच्या अर्जाचे काय झाले, हे विचारणे क्रमप्राप्त आहे.

पुरावा म्हणून १-इ मधील नोंद, दंड भरल्याच्या पावत्या, पीक पाहणीतील उल्लेख, त्या काळात झालेले पंचनामे किंवा पोलीस केसचे कागद उपयोगी पडतात. अतिक्रमण केल्याबद्दल झालेला दंड हाच पुढे ताबा सिद्ध करणारा सर्वांत बळकट कागद ठरतो. जमीन नियमानुकूल झाली तर ती भोगवटादार वर्ग-२ म्हणून मिळते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. नाव लावताना नवरा-बायको दोघांचे लावावे, असा आग्रह ग्रामसभेने धरावा. गायरानात घर बांधून राहिलेल्यांचा प्रश्न वेगळ्या शासन निर्णयांनी हाताळला जातो, त्याची यादी शेतीच्या यादीत मिसळू नये.

दुसऱ्या बाजूला, सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा निकाल आपल्या हाताशी आहे. गावाच्या सामाईक जमिनींवरील बेकायदा कब्जे काढण्यासाठी सर्व राज्यांनी योजना आखाव्यात, असे त्यात सांगितले आणि त्यास अनुसरून महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ रोजी निर्णय काढला. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही गायरानावरील अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली. परंतु जगपाल सिंग निकालाचा शेवटचा भाग लोक वाचत नाहीत: शासनाच्या अधिसूचनेखाली भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना दिलेली जमीन, तसेच जेथे शाळा, दवाखाना किंवा अन्य सार्वजनिक सोय उभी आहे ती जागा, हे अपवाद त्यातच सांगितले आहेत. बांध कोरणारा बागायतदार या अपवादात कोठेच बसत नाही. त्याच्याविरुद्ध मोजणीच्या नकाशासह महसूल संहितेच्या कलम ५० खाली अर्ज द्यावा. ‘ग्रामपंचायतीने काढावे’ आणि ‘जमीन शासनाची आहे, तहसीलने काढावे’ अशी चेंडूफेक होईल. ती थांबवायची असेल तर ग्रामसभेचा ठराव आणि मोजणीचा नकाशा दोन्ही एकाच दिवशी तहसीलदार व गटविकास अधिकारी या दोघांच्या आवकेत नोंदवावेत, आणि प्रत्येक प्रतीवर दुसऱ्या कार्यालयाचा उल्लेख करावा.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. गावाने जमाव करून कोणाच्या उभ्या पिकात गुरे सोडू नयेत, किंवा ट्रॅक्टर फिरवू नये. मराठवाड्यात असे प्रकार झालेले आहेत. अनुसूचित जाती किंवा जमातीच्या व्यक्तीला जमिनीवरून बेकायदेशीरपणे हुसकावणे किंवा तिच्या वहिवाटीत अडथळा आणणे हा ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि अतिक्रमण काढण्याचा अधिकार असलाच तर तो नोटीस देऊन, म्हणणे ऐकून आदेश करणाऱ्या अधिकाऱ्याचा असतो, गावाचा नव्हे.

सौर प्रकल्पाविषयी लोक माझ्याकडून हो किंवा नाही अशा उत्तराची अपेक्षा करतात, आणि ते देता येत नाही. महसूल संहितेत नंतर घातलेल्या कलम २२-अ प्रमाणे गायरान दुसऱ्या उपयोगाकडे वळवण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. शासनाच्या सार्वजनिक प्रयोजनासाठी, दुसरी योग्य जमीन उपलब्ध नसताना, तसेच प्रकल्पकर्त्याने बदल्यात दुसरी जमीन देण्याच्या अटीवर अपवाद ठेवलेले आहेत. शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी असलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० या पहिल्या अपवादाच्या आधाराने शासकीय जमिनी मागते. खाजगी जमीनमालकाला या योजनेत हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे ठरवलेले आहे, तर शासकीय जमीन नाममात्र भाड्याने जाते आणि ग्रामपंचायतीला सामाजिक कामांसाठी तीन वर्षे दरवर्षी पाच लाख रुपये दिले जातात. या दोन आकड्यांत गावाने काय मिळवले आणि काय गमावले, हे ग्रामसभेत उघडपणे मांडावे. दिवसा वीज मिळणे ही आपल्या भागातील शेतकऱ्याची खरी गरज आहे. रात्री-बेरात्री मोटार सुरू करायला जाऊन सर्पदंशाने दगावलेली माणसे प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यामुळे सरसकट विरोध मला पटत नाही. मात्र देकारच द्यायचा तर गायरानातील खडकाळ, गवत न येणारा भाग मोजून वेगळा दाखवावा, उरलेला भाग चराईसाठीच राहील असे त्याच ठरावात लिहून घ्यावे, पाणवठ्याकडे जाणारी गुरांची वाट नकाशावर खुली दाखवावी, आणि ज्या तुकड्यावर भूमिहीनाचे नियमानुकूलतेचे प्रकरण प्रलंबित आहे तो तुकडा देऊ नये. काही ठिकाणी मोकळी जमीन म्हणून नेमके असेच तुकडे दाखवले जातात, कारण ते सपाट असतात आणि कसणाऱ्याने दगड वेचून ते साफ केलेले असतात.

इथवरचे एकत्र करून सांगतो. मालकी शासनाची राहणार, हे धरून चालावे. कागदांवरून व मोजणीवरून गायरानाची हद्द पक्की करावी. पात्र भूमिहीनांचा प्रश्न आधी त्यांच्या बाजूने मार्गी लावावा. आणि मगच बड्या अतिक्रमणांवर कारवाई मागावी. हा क्रम उलटा केला तर गावाचे दोन तट पडतात आणि त्या भांडणात गायरान आणखी खाल्ले जाते.

शेवटचे काम व्यवस्थापनाचे. त्यावर लोक सर्वांत कमी बोलतात. अतिक्रमण निघालेली जमीन तशीच मोकळी सोडली तर दोन हंगामांत तिच्यावर दुसरे कोणीतरी येते. म्हणून ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४९ खाली ग्रामसभेकडून एक समिती नेमावी, तीत भूमिहीन आणि शेळ्या-मेंढ्या पाळणारे निम्म्याहून अधिक असावेत, आणि वापराचे नियम लिहून ग्रामसभेत मंजूर करून घ्यावेत. निहित करण्याचा आदेश नसेल तर कलम ५१ खाली प्रस्तावही याच ठरावासोबत पाठवावा; नियम तयार असलेल्या गावाचा प्रस्ताव जिल्हा परिषद व जिल्हाधिकारी कार्यालयात अधिक गांभीर्याने घेतला जातो.

नियम गावागणिक वेगळे असतील. सर्वसाधारणपणे गायरानाचे तीन भाग करून एक भाग पावसाळ्यात पूर्ण बंद ठेवावा, म्हणजे पवना, मारवेल यांसारखी चांगली गवते बी धरतात आणि कुसळीचे प्रमाण कमी होते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने चराईबंदी करून गवत कापून न्यायची पद्धत बसवली, तिचा परिणाम सर्वांना माहीत आहे; परंतु ती जशीच्या तशी उचलू नये. तुमच्याकडे उस्मानाबादी शेळीवर जगणारी कुटुंबे आहेत, आणि संपूर्ण चराईबंदी झाली की दोन म्हशी दावणीला बांधणाऱ्याचे काही बिघडत नाही, पण दहा शेळ्या राखणारीचे पोट थांबते. ज्या देवणी आणि लाल कंधारी जनावरांचा आपल्याला अभिमान आहे तीही अशाच माळांवर वाढली. बंदी करायची तर शेळ्यांसाठी कोणता भाग कायम खुला राहील, हे आधी ठरवावे. फिरस्ते धनगर दरवर्षी ज्या दिवसांत येतात त्या दिवसांची आणि मुक्कामाच्या जागेची नोंद नियमांत करावी, कारण कायद्याने चराईचा हक्क गावाच्या गुरांपुरता असला तरी खतासाठी मेंढ्या बसवणाऱ्या शेतकऱ्यांना त्यांचे येणे हवे असते आणि नोंद नसली की दरवर्षी मारामारी होते. कापलेल्या गवताच्या विक्रीचे पैसे ग्रामपंचायतीच्या सामान्य निधीत न टाकता वेगळ्या नोंदीत ठेवून राखणदाराचा पगार आधी त्यातून द्यावा. राखणदार नसलेले गायरान मी कोठे टिकलेले पाहिलेले नाही.

ग्रामपंचायतीतील सदस्य स्वतः किंवा त्यांच्या घरचे लोक गायरानात बसलेले असतील, तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४(१)(ज-३) खाली ते अपात्र ठरू शकतात. घरच्या माणसाचे अतिक्रमण वापरणारा सदस्यही त्यात येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये जनाबाई प्रकरणात स्पष्ट केले आहे. या तरतुदीचा उपयोग निवडणुकीतील सूड म्हणून करू नये, असे मी तरुणांना नेहमी सांगतो. सदस्याशी आधी बोलावे. स्वतःहून बांध मागे घेण्याची संधी दिली की पुष्कळ जण घेतात, आणि ज्या सरपंचाने स्वतः बांध मागे घेतला त्याच्या सहीचा ठराव तालुक्याला वजनदार ठरतो.

ग्रामसभेच्या तारखेचाही विचार करावा. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते, त्यामुळे गावातील एका गटालाही ठराव मंजूर करून घेणे अवघड नसते. आपल्या जिल्ह्यात ज्यांचा गायरानाशी सर्वांत जवळचा संबंध आहे ती कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्यात परततात. २६ जानेवारीच्या सभेत ती नसतातच. म्हणून हा विषय १ मे किंवा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत घ्यावा, त्याआधी नियमाप्रमाणे होणाऱ्या महिला सभेत तो स्वतंत्रपणे मांडावा, आणि विषयपत्रिकेत ‘आयत्या वेळचे विषय’ यात न ढकलता गट क्रमांकासह लिहून घ्यावा. सौर प्रकल्पाच्या पत्राला उत्तर देण्याची घाई कोणी लावली, तर ‘हद्दकायम मोजणीनंतर ग्रामसभेत निर्णय घेऊन कळवू’ एवढे लेखी उत्तर सध्या ग्रामपंचायतीने द्यावे.